तापी, भारतासाठी बंद

आमच्या सुरतेतल्या डिंडोलीच्या गल्लीत माझ्या नोकरीचं नाव 'गेम खेळनी नोकरी' असं आहे. लग्नाची बोलणी करायला आलेल्या एका पाहुण्यांनी तर विचारलं होतं, "म्हणजे दिवसभर खेळायचं, आणि वर पगार?" आई शरमेने आत निघून गेली. मी म्हटलं, "हो. तुम्ही या एक दिवस. एकच ठोसा एकाच भिंतीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मारा आणि सांगा मजा आली का." पाहुणे परत आले नाहीत.

संपादकांनी कामाचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा वाटलं की सहा वर्षांत अनुभव तो काय असणार. मग लक्षात आलं की सांगायची गोष्ट एकच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला बाकी काही लिहिताच येणार नाही. गेमचं आणि कंपनीचं नाव लिहिणार नाही. तसा करार आहे. तरीही हा लेख कराराच्या आत बसतो की नाही, मला ठाऊक नाही. कंपनीत मराठी वाचणारी मी एकटीच, म्हणून निभावेल असं धरून चालते.

माझं नाव क्रांती. बाबा पांडेसऱ्यातल्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगखात्यात होते, आता घरीच असतात. तेव्हा ते कामगारांची पत्रकं लिहीत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी येत होते. घरात सगळे अहिराणी बोलायचे, पण पत्रक शुद्ध मराठीत हवं म्हणून बाबा माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेत. त्यामुळे मला अहिराणी पुरती समजते, बोलायला गेले की मात्र पत्रकाची मराठी बाहेर पडते. ऑफिसात सगळे क्रांतिबेन म्हणतात. आमचे व्यवस्थापक हितेशभाई रोज सकाळी एकच विनोद करतात, "क्रांतिबेन, आजे थोडी शांति राखजो ने!" सहा वर्षं मी त्यावर हसते आहे.

आमचं काम असं. परदेशात मारामारीचा एक गेम बनतो. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर, जो पडला तो हरला. एवढंच. पण तोच गेम प्रत्येक देशात जसाच्या तसा विकला जात नाही. कुठे लाल रक्त चालत नाही, मग ते हिरवं करतात. कुठे हाडांचा सापळा दाखवायचा नाही, कुठे बायकांचे कपडे लांब करायचे. एकाच गेमच्या अशा पाच-पंचवीस आवृत्त्या होतात, आणि ठरवलेला प्रत्येक बदल प्रत्येक ठिकाणी झाला आहे ना, हे सुरतेतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून आम्ही अकरा जण तपासतो.

एक म्हातारा लढवय्या होता. तो बाटलीतून दारू पिऊन झिंगत झिंगत मारायचा, झिंगणं हाच त्याचा डाव. एका देशाने दारूला हरकत घेतली, म्हणून बाटलीत दूध आलं. झिंगणं बदलायला मात्र कोणाला वेळ नव्हता. तेव्हा त्या देशात म्हातारा दूध पितो, मिशी पुसतो आणि तोल जाऊन भिंतीवर आदळतो. मी दोष नोंदवला. हितेशभाई माझ्या खुर्चीमागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "रहेवा दो, बेन. आपणा गुजरात माटे बराबर छे!" सगळं ऑफिस हसलं. तो दोष अजून तसाच आहे.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गेममधून एखादी गोष्ट नको झाली, तर ती कोणी काढून टाकत नाही. फक्त बंद करतात. काढली तर आतले क्रमांक हलतात आणि भलतंच काहीतरी मोडतं. म्हणून नको असलेला माणूस, नको असलेला वाडा, नको असलेलं गाणं, सगळं आतच पडून राहतं, फक्त खेळणाऱ्याला तिथे जायला वाट नसते. बाबांच्या कारखान्यात छपाईच्या जुन्या जाळ्या अशाच मागच्या खोलीत उभ्या असायच्या. नापास झालेली नक्षी, पण जाळी फेकायची नाही, कधी लागेल सांगता येत नाही. गेम विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रात अशी एक मागची खोली असते.

तीन वर्षांपूर्वी नव्या भागाची तयारी सुरू झाली आणि कळलं की जगातल्या एकेका शहराचा एकेक लढवय्या असणार आहे. भारताच्या वाट्याला सुरत आली होती. कापडाच्या कारखान्यात रंगकाम करणारी बाई, नाव तापी, हत्यार म्हणजे ओल्या कापडाचा पिळलेला दोर. मला त्या दिवशी आनंदाने जेवण गेलं नाही. आमची नदी, आमचं काम, आमची बाई! आमच्या खानदेशातल्या गावांवरून वाहत येऊन इथे समुद्राला मिळणारी तापी, तिच्यासारखेच वाहत आलेले आम्ही.

तिच्या आवाजासाठी मुंबईहून एका अभिनेत्रीच्या ध्वनिफिती आल्या. छान होत्या. बाई वातानुकूलित खोलीत ओरडते आहे हे मात्र कळत होतं. मी हितेशभाईंना म्हटलं, "कारखान्यातल्या बाईचा आवाज हवा तर कारखान्यातली बाई आणू. आमच्या गल्लीत आहे."

मंगलमावशी. शिरपूरकडची. फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापड मोजून घड्या घालायच्या खात्यात, उभा जन्म गेला. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून चढवून तिचं साधं बोलणंही दोन गल्ल्यांना ऐकू जातं. सकाळी नळावर तिने हाक मारली की पलीकडच्या सोसायटीतले लोक खिडक्या लावतात.

शहरात गरब्याची गाणी ध्वनिमुद्रित होतात अशा एका स्टुडिओत आम्ही तिला नेलं. परदेशातला दिग्दर्शक समोरच्या पडद्यावर बसलेला. त्याने सांगितलं, मी मराठीत समजावलं, "मावशी, जोरात ओरडायचं. मारल्यासारखं."

"कोनवर?"

"कोणावरच नाही. या माईकसमोर."

"नुसतं कसं वरडू? माले राग ते येवाले पाहिजे!" तिने इकडेतिकडे बघितलं. "तुना साहेबले उभा कर तठे."

हितेशभाई काचेपलीकडे उभे राहिले. मावशीने पहिली आरोळी ठोकली आणि ते खरोखर एक पाऊल मागे सरले. त्यानंतर दोन तास ती त्यांच्यावर ओरडत होती आणि ते हात जोडून उभे होते. नंतर म्हणाले, "बेन, घरवाळी पण आटलुं नथी बोलती."

मग जिंकल्यावरचं वाक्य आलं. प्रत्येक लढवय्या समोरच्याला पाडल्यावर एक वाक्य बोलतो. लिहून आलेलं वाक्य होतं, 'आता तुझी जागा कळली?' मी ते वाचून दाखवलं. मावशीने कानांवरचा हेडफोन काढला.

"खाले पडेल मानूसले असं बोलतस का?"

"मग काय बोलायचं?"

तिने विचार केला. ओरडून ओरडून घसा बसला होता. खालच्या आवाजात, खरंच कोणीतरी पायाशी पडलं आहे अशा नजरेने जमिनीकडे बघत ती म्हणाली, "ऊठ. जेवी ले."

मी अर्थ सांगितला. ऊठ, जेवून घे. पडद्यावरच्या दिग्दर्शकाने तो लिहून घेतला. मग म्हणाला, हेच ठेवा. हरल्यावरचं वाक्यही तिने स्वतःचं दिलं, "जरासं बठस. मंग येस." थोडी बसते, मग येते.

एकेचाळीस आवाज झाले. बाहेर रिक्षात बसताना तिने एकच विचारलं, "गावले मनी बहीनले ऐकू येई ना? तिना नातूना मोबाईलमा?" मी म्हटलं, "सगळ्या भारतात ऐकू येईल, मावशी." मी हे वचन दिलं. मला कोणी द्यायला सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात गल्लीतच काय, सुरतेजवळच्या सचिन गावात तिची मुलगी राहते त्या चाळीतही सगळ्यांना कळलं होतं की मावशी मोबाईलमध्ये येणार.

पुढच्या वर्षी गेम बाजारात यायच्या सहा आठवडे आधी तापीची लढायची जागा आमच्याकडे तपासायला आली. प्रत्येक लढवय्याला अशी स्वतःची जागा असते, मागे देखावा असतो. तापीच्या मागे कारखाना होता. तो जळत होता. ज्वाळा सुंदर काढल्या होत्या, खरंच सुंदर. आणि एका बंद शटरमागे माणसांच्या सावल्या हातांनी दार बडवत होत्या. दर बारा सेकंदांनी तेच बडवणं पुन्हा सुरू व्हायचं.

मी नऊ वर्षांची असताना एका प्रोसेस हाउसला आग लागली होती. बाबांनी पत्रक काढलं, मथळा होता, 'दार बाहेरून बंद का होतं?' शाळेच्या गणवेशात गेटवर उभी राहून मी ते वाटलं. त्या आगीत दोन माणसं गेली. त्यांतला एक मंगलमावशीचा धाकटा भाऊ.

ज्यांनी हा देखावा काढला त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, असं मी आज म्हणू शकते. त्या दिवशी म्हणू शकत नव्हते. दोष नोंदवायचा फॉर्म वेगळा असतो आणि प्रदेशाच्या वतीने हरकत नोंदवायचा वेगळा. हरकतीचा मी पहिल्यांदाच भरत होते. चार पानं लिहिली. श्रमिकांच्या मरणाचा तमाशा मांडणाऱ्यांचा निषेध, आठ मागण्या, प्रत्येक मागणी क्रमांक घालून. आग काढा, दार उघडं दाखवा, माणसं कामावर दाखवा. इंग्रजीत लिहिलं होतं, पण बाबांनी वाचलं असतं तर स्वतःचंच वाटलं असतं. शेवटी एक रकाना होता, हरकतीचं स्वरूप: किरकोळ, मध्यम, गंभीर.

मी गंभीर निवडलं. दुसरं काय निवडणार? माझ्या बापाने उभ्या आयुष्यात एक पत्रक असं काढलं नाही की ज्यात 'आमची मध्यम हरकत आहे' असं लिहिलं असेल.

चार दिवसांनी यादी आली. तापी: भारतासाठी बंद. जागा: भारतासाठी बंद. बाकी देशांसमोर कसलीही खूण नव्हती.

मी हितेशभाईंच्या टेबलापाशी गेले. मला वाटलं काहीतरी चूक झाली आहे. त्यांनी आधी पाणी दिलं, मग हिंदीत सांगितलं, कारण गंभीर बोलायचं असलं की ते गुजराती सोडतात. "देखो बेन, आपने मध्यम लिखा होता तो फाइल चित्र बनानेवालों के पास जाती. वो आग निकाल देते, दो दिन का काम था. गंभीर लिखा तो फाइल वकील के पास गई. वकील के पास ब्रश नहीं होता. उसके पास बस स्विच होता है."

"मला कोणी सांगितलं नाही हे."

"आपने पूछा भी तो नहीं. चार पेज लिख के सीधा भेज दिया."

मी पुन्हा लिहिलं, हरकत मागे घेते म्हणून. उत्तर आलं की गंभीर हरकत एकदा नोंदवली की मागे घेता येत नाही. ते पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात एकही कठोर शब्द नव्हता.

जगात इतरत्र तापी आहे. तिथे ती दुसऱ्या एका अभिनेत्रीच्या आवाजात इंग्रजी बोलते आणि 'आता तुझी जागा कळली?' असंच म्हणते. मागे कारखाना जळतो. मावशीचे एकेचाळीस आवाज फक्त भारताच्या आवृत्तीत आहेत, मागच्या खोलीत. जिथे तापी आहे तिथे मावशी नाही, आणि मावशी आहे तिथे तापीकडे जायला वाट नाही.

आठ महिने मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाने घरी आले. लांब पडायचं. आईने विचारलं तर म्हणायचे, चालणं होतं. मावशी दिसलीच तर लांबूनच हात हलवून "अजून वेळ आहे, मावशी" असं ओरडायचे. वेळ कसला होता, गेम केव्हाच बाजारात आला होता. पत्रकांत खोटं बोलणाऱ्या मालकांबद्दल मी किती वाचलं होतं. खोटं बोलायला किती कमी कष्ट पडतात, ते कोणी लिहिलं नव्हतं.

मग एक दिवस ऑफिसात एका पोराने मला परदेशी हौशी लोकांचं पान दाखवलं. गेमच्या फायली उघडून आत काय काय बंद करून ठेवलं आहे, त्याच्या याद्या करणारे लोक असतात. चिकाटीची माणसं, मला त्यांचा आदर आहे. त्या यादीत आमच्या आवृत्तीची नोंद होती. 'एकेचाळीस आवाज, भाषा ओळखता आली नाही. बहुधा कार्यालयातल्या कोणीतरी तात्पुरत्या चाचणीसाठी ओरडून ठेवलेले.' खाली त्यांनी ऐकू आलं तसं एक वाक्य परक्या अक्षरांत उतरवलं होतं, 'ऊठ जेवी ले'. आणि पुढे, 'अर्थ अज्ञात. प्रतिस्पर्ध्याला दिलेली शिवी असावी.'

खाली उत्तर लिहायला जागा होती. करारामुळे मला लिहिता येत नव्हतं. खरं सांगायचं तर करार नसता तरी काय लिहिलं असतं, कळत नव्हतं. चार पानं लिहिण्याचा माझा उत्साह संपला होता.

त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी मावशीकडे गेले. कानबाईचं विसर्जन आदल्या दिवशी झालं होतं. श्रावणात आमच्या खानदेशी घरांत बसते ती देवी. मावशीचा आवाज तिची गाणी म्हणून बसला होता. ती भाकरी थापत होती. मी दारातच म्हटलं, "मावशी, तू येणार नाहीस. गेममध्ये. ते बंद केलंय. माझ्यामुळे."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "पहिले बठ."

मी बसले आणि सगळं सांगितलं. आधी मी फक्त फॉर्मचं सांगणार होते. पण आगीशिवाय फॉर्म कसा सांगणार? बंद शटर सांगितलं, सावल्या सांगितल्या. ती तव्याकडे बघत होती. मग मी फायली लावल्या. एकेक आरोळी त्या दीड खोलीत फुटत होती. शेजारीण डोकावली, "काय व्हयनं वं?" मावशीने हातानेच तिला जा म्हटलं. एकेचाळीस आवाज तिने पुरते ऐकले.

"मना आवाज काढी टाका का?"

"काढला नाही. बंद केलाय. आत आहे."

"सगळासना मोबाईलमा?"

"ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांच्या. पण ऐकू येत नाही."

"हं." तिने पीठ सारखं केलं. "चार पानं लिखी तू?"

"हो."

"बापनीच पोर शे. तुना बाप बी आठ मागन्या एकदम मांगे. मालक गेटच लायी दे. मंग आमी सगळा बाहेर." हे म्हणताना ती थोडी हसली. मग हात थांबला. "आनि ती आग? ती बी बंद व्हयनी का?"

"भारतात झाली."

"दुसरा देशमा?"

मी लॅपटॉप अर्धा मिटला.

"तठे जळी राहिनी अजून?"

"हो, मावशी."

तिने लॅपटॉपकडे बघितलं, जणू तो पेटलेला आहे. "आठ महिना तू मना आवाजसाठे तोंड लपाडी राहिनी," ती म्हणाली, "आनि तठे पोरे दार ठोकी राहिनात."

आठ महिने मी माझ्या वचनाचं दुःख करत होते. दार बडवणाऱ्या सावल्या माझ्या यादीतून गळाल्या होत्या, कारण त्या आता माझ्या प्रदेशात नव्हत्या. मी रडले असावे. मावशीने भाकरी ताटात टाकली, त्यावर ठेचा, बाजूला शेवभाजी. ताट जमिनीवर सरकवलं आणि माझ्या खांद्याला हात लावला.

"ऊठ," ती म्हणाली. "जेवी ले."

हा तिचा बेचाळिसावा आवाज, असं मी लिहिणार होते, पण त्याची फाइल नाही. एकेचाळीसच आहेत. मी उठले, हात धुतले आणि जेवले. तिने दोनदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी नवीन हरकत लिहिली. प्रदेश या रकान्यात 'सर्व'. मजकूर तीन ओळींचा: मागचा देखावा एका खऱ्या दुर्घटनेसारखा आहे, ज्वाळा काढून दार उघडं दाखवावं, त्यानंतर भारतातली तापी तिच्या मूळ आवाजासह सुरू करावी. निषेध हा शब्द तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. पाठवल्यावर चौथ्या दिवशी एका चित्रकाराचा निरोप आला की कारखान्याच्या उघड्या दाराचं एखादं छायाचित्र मिळेल का. मी मावशीला घेऊन पांडेसऱ्याला गेले. पाळी सुटायच्या वेळी एका गेटसमोर उभं राहून आम्ही दहा-बारा छायाचित्रं काढली. शटर पूर्ण वर, माणसं बाहेर येतायत. रखवालदाराने हटकलं तेव्हा मावशी त्याच्यावर ओरडली.

त्यानंतर कळवतो म्हणाले आहेत. अजून कळवलेलं नाही. मावशी रोज विचारते, "दार उघडं का?" मी सांगते, अजून नाही. आता गल्लीच्या तिच्याच टोकाने घरी येते.

आणि हो, त्या शेवटच्या रकान्यात मी मध्यम निवडलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.